वाक्यात उपयोग

इंग्रजी वाक्प्रचारांची जी पुस्तके बुधवार पेठेत, अप्पा बळवंत चौकाच्या आसपास, पिढ्यान् पिढ्या विकली गेली त्यांची ठेवण जवळजवळ ठरलेली आहे. आधी वाक्प्रचार, मग त्याचा मराठी अर्थ, मग 'वाक्यात उपयोग'. ही ठेवण शाळेच्या प्रश्नपत्रिकेने घडवली. परीक्षार्थी बिचारा मधला रकाना पाठ करतो, कारण तो सर्वांत आखूड असतो. परंतु या पुस्तकांचे खरे बरेवाईट तिसऱ्या रकान्यात ठरते. पहिला रकाना इंग्रजांचा, दुसरा कोशकारांचा. तिसरा मात्र लेखकाचा स्वतःचा. वाक्य बनवायचे म्हणजे कोणीतरी बोलले पाहिजे, कोणाला तरी उद्देशून बोलले पाहिजे, आणि मुख्य म्हणजे कोठेतरी उभे राहून बोलले पाहिजे. खप मोठा आणि प्रतिष्ठा मुळीच नाही अशा या वाङ्मयाकडे टीकाकार सहसा वळत नाहीत. येथे मला त्यातला एकच कोपरा तपासायचा आहे. दूरच्या ठिकाणांसाठी इंग्रजीत जे वाक्प्रचार आहेत, ते वाक्यात बसवताना आपले काय होते?

असे वाक्प्रचार इंग्रजीत पुष्कळ. 'मिडल ऑफ नोव्हेअर', 'बॅक ऑफ बियाँड', 'एंड्स ऑफ दि अर्थ', 'फार-फ्लंग', 'टिंबक्टू', आणि अमेरिकेतून आलेला 'बूनडॉक्स'. मधल्या रकान्यात या सर्वांचा अर्थ एकच उतरतो : 'अतिशय दूरचे ठिकाण'. अर्थ चुकीचा नाही. पण तो धरून वाक्य करायला गेले की पंचाईत होते. 'एंड्स ऑफ दि अर्थ' हा शब्दबंध क्रियापदाबरोबर चालतो. त्याला शोध घेणारा, पाठलाग करणारा, शपथ वाहणारा कर्ता लागतो. प्रियकर प्रेयसीच्या मागे तेथवर जाईल. आत्याच्या नव्या बिऱ्हाडाला मात्र हा शब्द लावता येत नाही. त्या बिऱ्हाडाला लागू पडतो तो 'बॅक ऑफ बियाँड', कारण त्यात कुरकूर आहे. शब्दशः पाहिले तर 'पलीकडच्याच्याही पाठीमागे'. वॉल्टर स्कॉटच्या १८१६ सालच्या 'द अँटिक्वेरी' या कादंबरीत तो स्कॉटिश रूपात सापडतो, आणि त्याची चव अजून खेडवळच आहे. 'मिडल ऑफ नोव्हेअर'मध्ये मोटार बंद पडते. 'फार-फ्लंग' हे विशेषण पूर्वी साम्राज्याला लागे, आता देशोदेशी पांगलेल्या कुटुंबाला लागते. म्हणजे फेकणारा एक मध्यबिंदू त्यात गृहीत आहे. 'टिंबक्टू' बहुधा 'इथपासून तिथपर्यंत' या जोडीत येतो आणि येताना थोडे हसवून जातो.

टिंबक्टू हे खरे गाव आहे हे हसणाऱ्याच्या ध्यानीमनीही नसते. आफ्रिकेतल्या माली देशात, नायजर नदीच्या वाकणाजवळचे हे जुने विद्यापीठी शहर. तेथल्या घराघरांतून शतकानुशतकांची हस्तलिखिते जपलेली होती. २०१२ साली बंडखोरांनी शहर घेतले तेव्हा तेथल्या ग्रंथपालांनी ती पेट्यांत भरून, चोरवाटांनी, राजधानीत बामाकोला पोचवली. हस्तलिखितांची काळजी म्हणजे काय, हे भांडारकर संस्थेच्या पुण्याला निराळे सांगायला नको. तरी आपल्या मुलाला टिंबक्टूचा वाक्यात उपयोग करायला सांगितला की तो 'कोठेतरी लांब' एवढ्यासाठीच करणार. 'बूनडॉक्स'चीही हीच कथा. टागालोग भाषेत 'बुंडोक' म्हणजे नुसता डोंगर. अमेरिकन शिपाई फिलिपिन्समध्ये लढायला गेले आणि तेथल्या लोकांच्या घराजवळचा डोंगर हा त्यांच्या भाषेत आडरानाला पर्याय झाला. आपल्याकडे दुरून डोंगर साजरे दिसतात, एवढे तरी बरे.

मराठीला हा अर्थ सांगता येत नाही असे नाही. तिची रीत मात्र वेगळी आहे. आडगाव, आडरान, आडवाट, आडवळण हे शब्द पाहा. यांत मैलांचा हिशेब नाही. आडगाव पुण्यापासून पाच कोसांवरही असू शकते. हमरस्ता सोडून वळावे लागले की झाले ते आडगाव. नकाशा पसरून बसलेल्या माणसाचा हा शब्द नव्हे, चालणाऱ्या माणसाचा आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली चार पैसे मिळवण्यासाठी उत्तरेकडे निघाले आणि ऐन बंडाच्या धामधुमीत सापडले. त्यांचा 'माझा प्रवास' १९०७ साली छापला गेला. दूरदेशीच्या या हकिकतीत अंतर जाणवते ते मजलांनी, मुक्कामांनी, आणि कोणाच्या घरी आसरा मिळाला त्याने. अनोळखी मुलूख म्हणून तो 'कोठेच नाही' असे त्या भिक्षुकाला वाटत नाही. वाटले तर भय वाटते, आणि तेही तलवारीचे.

दुसरी गोष्ट, इंग्रजी जे नामात कोंडते ते मराठी अव्ययांवर आणि स्वरावर सोपवते. 'मिडल ऑफ नोव्हेअर' याचे 'कोठेही नसलेल्या जागेच्या मध्यभागी' असे भाषांतर करणाराला हसणे सोपे आहे. पण सरळ मराठी बोलणारा माणूस काय म्हणेल? 'गाडी बंद पडली, तीही नेमकी आडरानात.' वाक्प्रचारातला सगळा वैताग येथे 'तीही नेमकी' या दोन शब्दांत आला. भाषांतर करताना नामाला नाम शोधणारा येथेच फसतो. तसेच 'पार'. 'तो पार तिकडे धायरीला राहायला गेला' हे वाक्य पेठेतला माणूस म्हणतो तेव्हा 'पार'मधला आकार किती लांबवायचा यावर धायरीचे अंतर ठरते. जुन्या पुणेकरांना लष्कर आणि पुलापलीकडचा भागसुद्धा परमुलूख वाटे, ही थट्टा आता फार झाली. ती मी वाढवत नाही. या 'पार'कडे मात्र मला पुन्हा यायचे आहे.

त्याआधी बोलणारा कोठे उभा आहे हा प्रश्न. इंग्रजी वाक्यात दूरच्या ठिकाणी आपण स्वतःच आहोत, हे वाक्प्रचारांच्या पुस्तकात सापडत नाही. 'पूना' हा इंग्रजी विनोदातला एक ठरीव शब्द होता. लाल चेहऱ्याचा, पांढऱ्या मिशांचा निवृत्त कर्नल क्लबात बसून 'मी पूनाला असताना' अशी सुरुवात करतो आणि ऐकणारे जांभया देतात. व्याकरणाच्या दृष्टीने गंमत पाहण्यासारखी आहे. या वाक्यात पुणे कधी मुख्य वाक्यात येत नाही. ते येते कालवाचक गौण वाक्यात. पुण्यात काय घडले, तेथे कोण राहत होते, हे कोणी विचारत नाही. 'असताना' एवढ्यापुरतेच पुणे. आपले सगळे शहर, त्याच्या पेठा, वाडे, वाद, एका माणसाच्या गेलेल्या तारुण्याचे क्रियाविशेषण होऊन बसले.

देवळालीचे तर त्याहून विलक्षण झाले. नाशिकजवळच्या या छावणीत, मुदत संपलेले गोरे शिपाई विलायतेच्या जहाजाची वाट पाहत राहत. जहाजे हिवाळ्याच्या हंगामात सुटत. हंगाम चुकला की महिनोन् महिने कामाशिवाय, उन्हात, नुसते बसून राहायचे. त्यांतल्या काहींची डोकी फिरत. म्हणून वेड लागणे याला 'दूलाली टॅप' हा शब्द रूढ झाला. 'दूलाली' म्हणजे देवळाली आणि 'टॅप' म्हणजे आपला ताप. पुढे ताप गळला आणि इंग्रजीत वेडसर माणूस नुसताच 'दूलाली' झाला. आपल्याकडे मात्र हवा पालटायला, छातीचे दुखणे बरे व्हायला लोक देवळालीला जात आले. एकाच गावाला जाऊन एका भाषेतला माणूस बरा होतो आणि दुसऱ्या भाषेतला वेडा होतो!

'विलायत' हा शब्द या देवघेवीचा उत्तम नमुना आहे. अरबी-फारशीतून आलेला, मूळचा अर्थ प्रांत, मुलूख. आपण तो इंग्लंडला लावला. पण इतक्या काटेकोरपणे नव्हे. विलायती चिंच मेक्सिकोकडची. तिचा इंग्लंडशी संबंध नाही. जे जे लांबून, समुद्रावरून आले ते विलायती. हाच शब्द गोऱ्या शिपायांनी हिंदुस्थानात ऐकला, 'बिलायती'चे 'ब्लायटी' केले आणि पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या खंदकांत तो त्यांच्या तोंडी घर या अर्थाने राहिला. मायदेशी धाडले जाईल एवढी मोठी, पण मरण येणार नाही एवढी लहान जखम, तिला ते ब्लायटीची जखम म्हणत. जो शब्द आपल्या तोंडी दूरत्वाची परिसीमा सांगे, तोच त्यांच्या तोंडी आईच्या घराचा झाला. शब्द एक, अंतरही तेच. फक्त पाहणाऱ्याचे तोंड उलट दिशेला. कोशात दोन्ही अर्थ देता येतात. ही उलटापालट मात्र वाक्यावाचून कळत नाही.

आता आपली वर्तमानपत्री मराठी पाहा. 'मध्यपूर्व' हा शब्द आपण बेधडक वापरतो. अमेरिकन आरमारी लेखक माहान याने १९०२ साली 'मिडल ईस्ट' हा शब्दप्रयोग पुढे आणला. पाश्चात्त्य देशांतून मोजले तर तो प्रदेश पूर्वेला आणि मधे खरा. पण बुधवार चौकात उभे राहून मस्कतकडे बोट दाखवायचे तर ते मावळतीला दाखवावे लागते. कोकणच्या बंदरांचा अरबस्तानाशी व्यापार जुना. मस्कत हे नाव आपल्याकडे डाळिंबाच्या जातीला आहे. इतक्या घरोब्याच्या किनाऱ्याला आपण लंडनच्या खिडकीतून पाहू लागलो आणि त्यात आपल्याला काही वावगे वाटले नाही. याउलट पु. ल. देशपांडे यांनी १९६३ साली आपल्या आग्नेय आशिया व जपानच्या प्रवासाच्या पुस्तकाला 'पूर्वरंग' असे नाव दिले. कीर्तनातल्या पूर्वरंगावरचा श्लेष कोणालाही दिसतो. मला अधिक महत्त्वाचे वाटते ते त्यातून गळलेले विशेषण. 'फार ईस्ट'मधले 'फार' तेथे नाही, आणि 'अतिपूर्व' हा जडजंबाल प्रतिशब्दही नाही. पुण्यामुंबईहून ती नुसती पूर्व आहे. विनोदी लेखकाचे दिग्ज्ञान पुष्कळदा संपादकीय खात्याहून बरे असते ते असे.

येथवरचा हिशेब सोपा होता : बोलणारा जेथे उभा तेथून दूर. पण मराठी दूरत्वाचा गाभा या हिशेबात बसत नाही, आणि त्यासाठी 'पार'कडे वळले पाहिजे. अटकेपार, सातासमुद्रापार, हद्दपार, तडीपार. शब्द एकाच साच्याचे. पण त्यांचा वाक्यात उपयोग करून पाहिला की दोन वेगळी व्याकरणे समोर येतात. अटकेपार झेंडे 'लावले', कर्ते आम्ही. हद्दपार 'केला', तडीपार 'झाला'. येथे कर्ता सरकार, माणूस कर्म. 'पार जाणे' आणि 'पार करणे' यांच्यामधली ही फट इंग्रजी 'बियाँड'मध्ये तितकी ठळक नाही. पाठवणारा राज्यकर्ता ज्याचा असतो, त्याच्या भाषेला दूरचे ठिकाण म्हणजे नेमणूक, बदली, व्यापार, शिकार. तेथून परत येऊन 'असताना' म्हणता येते. ज्याला पाठवले जाते त्याच्या भाषेत 'असताना' सहसा नसते.

बुधवार पेठेपासूनच सुरुवात करू. पेशव्यांचा बुधवार वाडा १८७९ च्या मे महिन्यात जळाला. वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाशी त्या आगीचा संबंध लोकांनी जोडला. त्याच वर्षी फडके पकडले गेले, त्यांना जन्मठेप झाली आणि एडनला धाडण्यात आले. १८८३ साली ते तेथेच वारले. एडन तेव्हा मुंबई सरकारच्याच कारभारात होते! कचेरीच्या कागदावर ते आपल्याच इलाख्यात, आणि पुण्याच्या बोलण्यात काळ्या पाण्याइतके दूर. विलायतेला जाणाऱ्या आगबोटीवरच्या साहेबाला एडन म्हणजे कोळसा भरण्याचे बंदर, घराकडच्या वाटेवरचा एक थांबा. त्याच्या वाक्यात 'एडन सोडले', आपल्या वाक्यात 'एडनला वारले'.

मंडालेचे उदाहरण याहून बोलके आहे. किपलिंगची 'मंडाले' ही कविता १८९० सालची. तिने हे नाव इंग्रजी कानाला पूर्वेकडच्या स्वप्नाचे करून टाकले. पुढे हे नाव उच्चारताच इंग्रज वाचकाच्या डोळ्यांपुढे देवळांच्या घंटा आणि ब्रह्मी तरुणी येऊ लागली. १९०८ साली टिळकांना सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि ती त्यांनी मंडालेच्या तुरुंगात काढली. 'गीतारहस्य' तेथे लिहिले गेले आणि १९१५ साली पुण्यात प्रसिद्ध झाले. मराठी माणसाला मंडाले म्हणताच आठवतो तो लाकडी कोठडीतला माणूस, त्याच्या पेन्सिलीने भरलेल्या वह्या, आणि १९१२ साली पत्नी गेल्याची तेथे पोचलेली तार. शाळकरी मुलाने 'मंडाले'चा वाक्यात उपयोग केला तर ते वाक्य आजही तुरुंगाचे होईल. एवढ्या एका नावावर कादंबरीकाराने दोन पात्रे उभी करावीत आणि त्यांना बोलू द्यावे. त्यांचे एकमेकांशी जुळणार नाही, आणि दोघेही खोटे बोलत नसतील.

पानिपत तर आपण क्रियापदातच बसवले : पानिपत होणे. दिल्लीच्या उत्तरेचे एक गाव. तेथे लोक राहतात, घोंगड्या-सतरंज्या विणतात, बाजार करतात. आपल्या भाषेत मात्र त्या गावाला फक्त १४ जानेवारी १७६१ ही एकच तारीख आहे. ज्यांच्या नावाने चौक ओळखला जातो त्या अप्पा बळवंत मेहेंदळ्यांचे वडील बळवंतराव त्याच मोहिमेत, मुख्य लढाईपूर्वीच्या एका झुंजीत, डिसेंबर १७६० मध्ये पडले. इंग्रजी वाक्प्रचारांच्या पुस्तकासाठी त्या चौकात घासाघीस करणाऱ्याला हे ठाऊक असण्याचे कारण नाही. तरी दूरच्या गावाचा वाक्यात उपयोग कसा होतो याचा धडा त्या चौकाच्या पाटीवर आयताच लिहिला आहे.

परंतु यावरून मराठी दूरत्व सगळेच सोसणाऱ्याचे, असा सात्त्विक निष्कर्ष काढणे मला मान्य नाही. 'अटकेपार' या शब्दाचा रुबाब पाहा. १७५८ साली राघोबादादांच्या स्वारीने मराठी अंमल अटकेपर्यंत नेला खरा, पण तो दीड-दोन वर्षेही टिकला नाही. शब्द मात्र अडीचशे वर्षे टिकला, आणि आता क्रिकेटपटूपासून मसाल्याच्या कारखानदारापर्यंत सारे अटकेपार झेंडे लावतात. अटक येथल्या माणसाला या झेंड्यांविषयी काय वाटले असेल, हा प्रश्न आपल्या वाक्यात उद्भवतच नाही. जसा कर्नलच्या वाक्यात आपला उद्भवत नाही. गंगाधर गाडगिळांनी आपल्या परदेशप्रवासाच्या पुस्तकाला 'सातासमुद्रापलीकडे' म्हटले, 'पार' नव्हे. 'पलीकडे' शेजारीही असते, तेथे कोणी राहत असते, पलीकडच्या घरी विरजण मागता येते. हा फरक मला अर्थपूर्ण वाटतो.

आणि सर्वांत मोठे अंतर तर आपण सर्वांत जवळ ठेवले. 'गावकुसाबाहेर'. वस्ती हाकेच्या अंतरावर, रस्ता तोच, विहिरीवरून हटकले जाणारे. आणि तरीही भाषेच्या हिशेबात ती वेशीच्या पलीकडची. 'एंड्स ऑफ दि अर्थ'ला जायला जहाज लागते. गावकुसाबाहेर जायला शंभर पावले पुरत, पण ती पावले शतकानुशतके कोणी टाकली नाहीत. दलित लेखकांनी हा शब्द उचलला आणि त्या जागी स्वतः उभे राहून वाक्य उच्चारले, तेव्हा मराठी वाचकाला प्रथमच कळले की आपण ज्याला बाहेर म्हणत होतो तेथून आपण कसे दिसतो. माझ्या मते दूरत्वाच्या शब्दांच्या बाबतीत आधुनिक मराठीत घडलेली ही सर्वांत मोठी घटना. तीपुढे 'मध्यपूर्व' किरकोळ.

सरकारी मराठी अद्याप तेथवर पोचलेली नाही. 'रिमोट' या इंग्रजी शब्दासाठी तिने 'दुर्गम' घेतला. 'जेथे जाणे कठीण' ते दुर्गम. पण कोणाला कठीण? तेथे जन्मलेल्याला नव्हे, बदलीवर निघालेल्याला. मग दुर्गम अपुरा पडला म्हणून 'अतिदुर्गम' आला. २०१७ साली जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्यांचे धोरण ठरवताना शासनाने 'अवघड क्षेत्र' असा शब्द वापरला. मला तो अधिक प्रामाणिक वाटतो. त्यात संस्कृताचा आडपडदा नाही, आणि हे अवघड शिक्षकाच्या बाजूने मोजले आहे हे तो लपवत नाही. अवघड दुखणे, अवघड गणित, तसे अवघड गाव. अर्थात गावाला ते कसे वाटते हा प्रश्न राहतोच. भामरागडकडच्या एखाद्या शाळेत अशा अवघड क्षेत्रात नेमलेले गुरुजी उद्या इंग्रजीच्या तासाला हाच प्रश्न घालतील : अतिशय दूरचे ठिकाण, वाक्यात उपयोग करा. मुलाने प्रामाणिकपणे 'पुणे' लिहिले, तर तपासणारा त्याला गुण देईल की लाल रेघ मारील, याविषयी मी साशंक आहे.